खरूज मळाने होत नाही, खाऱ्या पाण्याने जात नाही

रत्नागिरीत काय नि मालवणात काय, खरूज म्हटली की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात: ती अंघोळीचा कंटाळा करणाऱ्यांना होते आणि चार दिवस समुद्रात डुंबलं की जाते. दोन्ही चूक आहेत.

खरूज होते सार्कोप्टिस नावाच्या, गोचिडाच्या जातकुळीतल्या आठ पायांच्या जिवामुळे. मादी अर्धा मिलिमीटरही भरत नाही. ती कातडीत बीळ करून अंडी घालते; तिथवर ना साबण पोचत, ना खारं पाणी. उलट खाजवून सोललेल्या कातडीला मीठ झोंबतं ते वेगळंच. लागण होते ती कातडीला कातडी बराच वेळ लागून राहिल्याने. म्हणून शहरात एका खोलीत पाच-सहा जण झोपतात तिथे, वसतिगृहांत, खलाशांच्या खोल्यांत ती पसरते. कारण दाटी आहे, मळ नव्हे. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही ती होते.

खरी फसगत पुढे आहे. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात, पण तोवर तो माणूस इतरांना ती देत असतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ५ टक्के परमेथ्रिनचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसलेल्यांनीसुद्धा, आणि आठवड्याने पुन्हा. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवायच्या. गोधडी धुता येत नसेल तर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवावी. उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते.

आणि कृपा करून खरूज झालेल्या पोराला ‘घाणेरडा’ म्हणू नका. लाजेपोटीच घरं ती लपवतात.