इंग्रजी जितकं लवकर तितकं चांगलं?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर प्रवेशाच्या दिवसांत एक सल्ला हमखास फिरतो: नर्सरीपासूनच इंग्रजी लावा, नाहीतर पुढे जिभेला वळण लागत नाही.

हे अर्धंच खरं आहे. परदेशात राहणाऱ्या, दिवसभर ती भाषा कानावर पडणाऱ्या मुलांना लहान वयाचा फायदा होतो, विशेषतः उच्चारांत. पण आठवड्याला मोजके तास वर्गात शिकणाऱ्या मुलांचं गणित वेगळं. बार्सिलोनात भाषा-संशोधक कार्मेन मुन्योस यांच्या गटाने ८व्या आणि ११व्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्यांची तुलना केली, तीही शिकवणीचे तास सारखे धरून: आधी २००, मग ४१६, मग ७२६. बहुतेक चाचण्यांत उशिरा सुरू करणारेच सरस ठरले! ऐकून समजण्यात अंतर कमी होतं, व्याकरणात जास्त. नियम पकडायची समज वयाबरोबर येते, हे त्यामागचं मोठं कारण.

आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी २००० मध्ये आलं. त्याआधी नौपाड्यातल्या मराठी शाळांतली मुलं पाचवीत एबीसीडी गिरवत होती, आणि त्यांच्यातले कितीतरी आज ऐरोलीच्या आयटी पार्कात इंग्रजीतच मीटिंगा घेतात. तेव्हा नर्सरीचं माहितीपत्रक चाळताना वय सोडा, शिक्षक मुलांना किती बोलू देतात ते विचारा. आणि घरातली मराठी बंद करायचं तर मुळीच कारण नाही.