काळा धूर इंजिनाचा, दोष पंख्याचा

गोसीखुर्दच्या जलाशयात जलपर्यटनाच्या योजना आखल्या जात असल्याच्या बातम्या गेली काही वर्षं येताहेत, आणि बातम्यांसोबत बोटींचे फोटोही. पवनी-भिवापूर भागात त्या फोटोंवर चर्चा सुरू झाली की ती हमखास दोन प्रश्नांवर येते. इंजिन किती हॉर्सपॉवरचं? आणि त्याला मोठा पंखा लावला तर बोट किती पळेल? ज्या मुलखात प्रत्येक गावात ऑइल इंजिन उघडून बसवणारा कुणीतरी असतो, तिथे हे प्रश्न पडणं साहजिक आहे. पण दुसऱ्या प्रश्नामागची ‘मोठा पंखा म्हणजे जास्त वेग’ ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी चांगली डिझेल इंजिनं अर्ध्या आयुष्यात बाद होतात. ते कसं, हे समजायला पाण्यातल्या पंख्याचा एक विलक्षण नियम पुरतो. मला तो यंत्रशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर नियमांपैकी एक वाटतो.

आधी पंख्याची ओळख. बोटीच्या पंख्यावर, म्हणजे प्रोपेलरवर, मधल्या बुंध्याशी दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ १८ × १४. पहिला आकडा व्यासाचा, इंचांत. दुसरा पिचचा, तोही इंचांत. पाणी अजिबात न घसरता पंख्याने एक फेरा पूर्ण केला असता तर तो जेवढा पुढे सरकला असता, ते अंतर म्हणजे पिच. प्रत्यक्षात पाणी घसरतंच, त्यामुळे बोट त्याहून कमी पुढे जाते. पाती जितकी तिरपी तितकं पिच जास्त.

आता नियम. पंखा काय करतो? पाणी मागे फेकतो, आणि त्या फेकण्याच्या प्रतिक्रियेने बोट पुढे जाते. न्यूटनचा तिसरा नियम, शाळेतलाच. पंख्याचे फेरे दुप्पट केले तर दर सेकंदाला त्यातून जाणारं पाणी दुप्पट होतं. शिवाय त्या पाण्याला मिळणारा वेगही दुप्पट होतो. दुप्पट पाणी, दुप्पट वेगाने, म्हणजे रेटा चौपट. इथपर्यंत फेऱ्यांचा वर्ग झाला. पण शक्ती म्हणजे रेटा गुणिले वेग, आणि वेग तर आपण आधीच दुप्पट केलेला आहे. म्हणून इंजिनाकडे होणारी मागणी आठपट! फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात शक्ती लागते. हाच तो घननियम.

आकडे घेऊन पाहू. समजा इंजिन २४०० आरपीएमला (म्हणजे मिनिटाला २४०० फेऱ्यांना) १०० हॉर्सपॉवर देतं आणि पंखा बरोबर त्याला साजेसा बसवला आहे. तर १२०० फेऱ्यांवर तो पंखा फक्त साडेबारा हॉर्सपॉवर मागतो. १९२० वर, म्हणजे ८० टक्के फेऱ्यांवर, ५१. २१६० वर ७३. पुन्हा वाचा: फेरे फक्त १० टक्के कमी केले की शक्तीची मागणी २७ टक्के उतरते, आणि डिझेलचा खपही जवळपास त्याच मापाने खाली येतो. डिझेल वाचवायचं असेल तर याहून सोपा उपाय कुठल्याही दुकानात मिळणार नाही. (वेगात पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या हलक्या स्पीडबोटींना हा घात तीनऐवजी अडीचच्या आसपास पडतो. संथ प्रवासी बोटींना तीन धरायला हरकत नाही.)

व्यासाचा हिशेब याहून कडक आहे. त्याच फेऱ्यांवर आणि त्याच ढंगाच्या पंख्याला लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. व्यास १० टक्क्यांनी वाढवला, तर १.१ चा पाचवा घात १.६१. म्हणजे १८ इंचांचा पंखा काढून वीस इंचांच्या आसपासचा घातला, की इंजिनाने त्याच फेऱ्यांवर ६१ टक्के जास्त शक्ती द्यायची. ती देणार कुठून?

इथे डिझेल इंजिनाचा स्वभाव आडवा येतो. पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल हवा कमीजास्त करतो. डिझेलच्या इंजिनात हवा भरपूर येऊ दिलेली असते आणि डिझेल मोजून सोडलं जातं. तुम्ही रेसचा दांडा पुढे ढकलता तेव्हा तुम्ही डिझेल थेट वाढवत नाही, गव्हर्नरला, म्हणजे फेरे राखणाऱ्या यंत्रणेला, एवढंच सांगता की मला इतके फेरे हवेत. ते फेरे मिळेपर्यंत गव्हर्नर डिझेल पंपाचा रॅक (डिझेलचं माप ठरवणारी दातेरी पट्टी) सरकवत राहतो आणि नोझलमधून डिझेल वाढवत राहतो. पंखा जड असेल तर फेरे मिळतच नाहीत, रॅक शेवटच्या टोकाला जाऊन टेकतो आणि तिथेच राहतो. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, तीही दोन्ही नीट मिसळली तर. सिलिंडरात मिसळायला क्षणभराचाच वेळ असल्यामुळे हवा त्याहून बरीच जास्त असावी लागते. ती कमी पडली की अर्धवट जळलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. हाच काळा धूर. मेकॅनिक नोझल बदलतो, पंप कॅलिब्रेट करून आणतो, धूर तसाच. कारण दोष पंपातही नाही आणि नोझलमध्येही नाही, तो बोटीखाली पाण्यात आहे.

भंडारा-गोंदियाकडच्या वाचकाला हे एका वाक्यात सांगता येईल: बांधीत चिखलणी करताना ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये टाकून रेस दाबून धरावी, तसं हे आहे. फरक एवढाच की ट्रॅक्टरवाला पुढच्या क्षणी गिअर उतरवतो. बोटीला एकच गिअर असतो, तो पंख्याच्या पिचमध्ये ओतलेला असतो आणि पाण्यात बसून बदलता येत नाही.

यातला सगळ्यात फसवा भाग आता येतो, इथे जरा सावकाश चला. वरचंच इंजिन घ्या, पण पंखा जड. पूर्ण रेस दिली तरी फेऱ्यांचा काटा २१०० वर अडतो, आणि तिथे इंजिन समजा ९५ हॉर्सपॉवर देतंय. नावाडी म्हणतो, मी पूर्ण रेस देतच नाही, २००० वर आरामात चालवतो, इंजिनाची हद्द २४०० आहे, म्हणजे ४०० फेरे हातात आहेत. हातात काहीच नाही. घननियमाने २००० वर हा जड पंखा ९५ गुणिले (२०००/२१००) चा घन, म्हणजे ८२ हॉर्सपॉवर मागतोय. साजेसा पंखा त्याच २००० वर फक्त ५८ मागितला असता. काटा तोच, आवाज जवळपास तोच, भार ४० टक्क्यांनी जास्त. सिलिंडरातला दाब वाढलेला, एक्झॉस्टचं तापमान चढलेलं, आणि ते तासन्‌तास तसंच. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात, पिस्टनचा माथा भाजतो, टर्बो (सिलिंडरात जास्त हवा कोंबणारं यंत्र) असेल तर त्याचं आयुष्य घटतं. आणि काट्याकडे पाहणाऱ्याला वाटतं, आपण इंजिन जपतोय.

एवढं करून वेग तरी मिळतो का? संथ बोटीला तोही नाही. बोट चालताना स्वतःची लाट बनवते, आणि लाटेचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. लाटेची लांबी बोटीच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली की बोट आपल्याच लाटेच्या चढावर अडकते. १२ मीटर लांबीला तो वेग येतो ताशी सुमारे साडेपंधरा किलोमीटर. त्यापुढचा प्रत्येक किलोमीटर अफाट शक्ती खातो.

मोठ्या पंख्याचं कौतुक अगदीच खोटं आहे असं मात्र नाही. थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी हळू फेकणं किफायतशीर असतं, कारण मागे फेकलेल्या पाण्यात वाया जाणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. स्कॉटिश अभियंते रँकिन यांनी १८६५ साली याचं गणित मांडलं. म्हणून संथ बोटींना गिअरबॉक्सने फेरे उतरवून मोठा पंखा देतात. पण तो गिअरबॉक्स धरून आखलेला असतो. गिअरचं प्रमाण तेच ठेवून नुसता पंखा मोठा करणं ही वेगळी गोष्ट आहे. जास्त म्हणजे चांगलं, ही समजूत पंख्याच्या जन्मापासून चालत आली आहे. इंग्लंडच्या फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी १८३६ साली स्क्रूच्या आकाराच्या प्रोपेलरचं पेटंट घेतलं. त्यांचा पहिला लाकडी स्क्रू दोन पूर्ण वेढ्यांचा होता. १८३७ मध्ये पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना तो आपटून मोडला, एकच वेढा उरला, आणि बोट आधीपेक्षा जोरात पळू लागली.

आता आपल्या विदर्भाचा हिशेब, जो कुठल्याही परदेशी मॅन्युअलमध्ये आयता मिळणार नाही. सागरी इंजिनाची शक्ती सहसा २५ अंश सेल्सिअसच्या हवेत आणि समुद्रसपाटीच्या दाबाला धरून जाहीर केलेली असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो. तापलेली हवा विरळ: २९८ भागिले ३१८, म्हणजे सिलिंडरात जाणारी हवा सुमारे ६ टक्के कमी. गोसीखुर्दचं पाणी समुद्रसपाटीपासून साधारण २४५ मीटरवर आहे, त्याने हवेचा दाब आणखी ३ टक्के उतरतो. दोन्ही मिळून ९ टक्के हवा गेली. इंजिनरूमच्या झडपा अपुऱ्या असतील तर आतली हवा बाहेरच्यापेक्षाही तापलेली असते, म्हणजे घट अजून मोठी. टर्बो आणि आफ्टरकूलर (टर्बोने कोंबलेली हवा थंड करणारा) असलेलं इंजिन यातलं काही भरून काढतं, साधं इंजिन काहीच नाही. उलट बाजूला गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्के हलकं, त्यामुळे पंख्यावरचा भार तेवढा कमी होतो. पण त्याच कारणाने बोट थोडी खोलही बसते. वजाबाकी केली तर निकाल साफ आहे. कोकणच्या किनाऱ्यावर जानेवारीत अगदी बरोबर जमलेला पंखा आपल्याकडे मेच्या दुपारी जड ठरतो. किनाऱ्यावरून जुनी बोट आणणाऱ्याने इंजिनाचे कागद जितक्या काळजीने पाहायचे तितक्याच काळजीने हेही पाहावं.

नव्या बोटीला नारळ फोडावा, त्यात कुणाचं नुकसान नाही. नाकाला लिंबू-मिरची बांधून बिघाड टळतात हे मात्र खरं नाही, आणि बिघाडामागचं कारण शोधायचं राहून जातं म्हणून ते महागात पडतं. त्याहून घातक मला डिझेलच्या नळीला चुंबक बांधून ‘मायलेज वाढवणारी’ विज्ञानाच्या भाषेतली जाहिरात वाटते. डिझेलचे रेणू चुंबकाला जवळजवळ दादच देत नाहीत. साध्या चुंबकाने ते ‘रांगेत’ येत नाहीत आणि त्यांचं जळणंही बदलत नाही. ज्या पैशात पंखा वर्कशॉपमध्ये नेऊन तपासून घेता येतो, तो पैसा अशा डबीत घालू नका.

देखभालीच्या बाकी गोष्टी थोडक्यात. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येतं, त्यावर शेवाळ आणि जलपर्णी पोसते. म्हणून इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या नळीची जाळी आपल्याकडे रोज बघायची वस्तू आहे. ते पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी इंपेलर (पात्यांचं चाक) कोरडं फिरलं की बघता बघता फाटतं, आणि त्याचे तुकडे पुढे कूलरमध्ये जाऊन अडकतात. पावसाळ्यात बोट उभी राहणार असेल तर डिझेलची टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाशी साचतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जिवाणू-बुरशीची चिकट घाण वाढते, ती फिल्टर तुंबवते. समुद्रातून आलेल्या बोटीला गंजापासून वाचवणारे जस्ताचे ठोकळे असतात. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढून त्याचं काम मंदावतं, तिथे मॅग्नेशियमचे लावायचे. आणि बुडीत क्षेत्रातले झाडांचे बुंधे उन्हाळ्यात पाणी उतरलं की पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतात. एक पातं जरी वाकलं तरी त्याचं पिच बदलतं, शाफ्ट थरथरतो आणि बेअरिंग झिजतं.

पंखा जड आहे की हलका, हे कळायला एक चाचणी पुरते. टाकी भरलेली, बोटीत पूर्ण क्षमतेइतकी माणसं किंवा तेवढ्या वजनाची पोती, खोल आणि मोकळं पाणी, वारा कमी. इंजिन नीट गरम झाल्यावर पूर्ण रेस द्या आणि फेरे मोजा. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका, तो शंभर-दीडशेने सहज चुकतो. पुलीवर चकाकती पट्टी चिकटवून हातातल्या डिजिटल टॅकोमीटरने मोजा. कंपनीने लिहिलेले कमाल फेरे मिळालेच पाहिजेत, थोडे जास्त मिळाले तर उत्तमच. कमी पडले तर आधी बोटीचा तळ आणि पाती खरवडून साफ करा, हवेचा आणि डिझेलचा फिल्टर बदला, मग पुन्हा मोजा. तरी कमी असतील तर पिच उतरवायचं. पिच उतरवलं की फेरे वाढतात, आणि पितळ-काशाच्या पंख्याचं पिच चांगल्या वर्कशॉपमध्ये पाती थोडी वळवून बदलता येतं, नवा पंखा घ्यावाच लागतो असं नाही. उलट फेरे फारच जास्त येत असतील तर पंखा हलका आहे, तिथे पिच वाढवायचं. आकडा, तारीख, हवेचं तापमान आणि बोटीतली माणसं वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या हंगामात फेरे घसरले तर लगेच दिसेल. आणि आपल्याकडे ही चाचणी डिसेंबरच्या सकाळी करून भागणार नाही, मेच्या दुपारीही एकदा करावी लागेल.