सतनाम आणि सिम: ड्राफ्ट होणं वेगळं, एनबीएत खेळणं वेगळं

'एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, खेळलेला पहिला भारतीय कोण?' सामान्यज्ञानाची पुस्तकं, प्रश्नमंजुषा, व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड, सगळीकडे उत्तर ठरलेलं: सतनाम सिंग. मधूनच कुणीतरी 'नाही, सिम भुल्लर' म्हणून दुरुस्ती करतं आणि वाद रंगतो. माझं म्हणणं, दोन्ही उत्तरं चूक आहेत. सतनाम भारतीय आहे, पण तो एनबीएत एकही सामना खेळलेला नाही. सिम एनबीएत खेळला, पण तो भारतीय नागरिक नाही. दोघे पंजाबी, दोघे सात फुटांच्या वर, दोघांच्या बातम्या 2015 सालच्या एप्रिल आणि जूनमधल्या. गोंधळ होणं साहजिक होतं. पण इतकी वर्षं लोटली तरी तीच चूक जशीच्या तशी छापून येते, याचा मला मनापासून वैताग येतो.

सतनामची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात उरकतो. पंजाबातल्या बर्नाला जिल्ह्यातलं बल्लो के हे गाव, शेतकरी कुटुंब, वडीलही असेच ताडमाड. लुधियानाच्या अकादमीत बास्केटबॉलचे धडे, 2010 मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत रवानगी. उंची 7 फूट 2 इंच. 25 जून 2015 रोजी ब्रुकलिनमध्ये झालेल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक कार्यक्रमात, डॅलस मॅव्हरिक्स या संघाने त्याला 52 व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेला आणि एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. हा मान निर्विवाद त्याचाच.

सिम भुल्लर टोरांटोचा. आईवडील पंजाबातून कॅनडात गेलेले, तो जन्माने आणि नागरिकत्वाने कॅनेडियन. उंची 7 फूट 5 इंच. न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाकडून दोन मोसम खेळला, 2014 च्या ड्राफ्टमध्ये नाव दिलं आणि साठच्या साठ निवडी संपल्या तरी त्याचं नाव पुकारलं गेलं नाही. तरीही 7 एप्रिल 2015 रोजी तो सॅक्रामेंटो किंग्जकडून मिनेसोटा टिंबरवुल्व्हजविरुद्ध मैदानात उतरला. सामन्याची शेवटची 16 सेकंद. एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू तो त्या सोळा सेकंदांत ठरला. पुढे आणखी दोन सामने मिळाले. एकूण तीन सामने, दोन गुण, आणि त्याची एनबीए कारकीर्द तिथेच संपली.

वंश आणि नागरिकत्व यातला फरक कुणाला समजावून सांगायची गरज नाही. कल्पना चावला आणि राकेश शर्मा यांच्याबाबत तो आपण नीट पाळतो, इथेही पाळावा, एवढंच. खरी मेख वेगळ्या ठिकाणी आहे. ज्याला निवडलं तो खेळला नाही आणि ज्याला कुणी निवडलं नाही तो खेळला, हे बहुतेकांच्या गळी उतरत नाही. 'अहो, मॅव्हरिक्सनी घेतलं म्हणजे खेळला असेलच ना?' हा प्रश्न मला खेळातल्या जाणकारांनीही विचारला आहे.

याचं कारण मला तरी आयपीएलचा लिलाव वाटतो. आपल्या डोळ्यांसमोर तोच असतो. तिथे हातोडा पडला की खेळाडू संघात आला, रक्कम ठरली, करार झाला. पुढे अकरा जणांत जागा मिळो न मिळो, तो त्या संघाचा खेळाडू असतो आणि उपलब्ध राहिला तर पैसे मिळतात. एनबीएचा ड्राफ्टही असाच असणार, असं आपण गृहीत धरतो. तो तसा नाही. ड्राफ्टमध्ये संघ खेळाडू विकत घेत नाही. त्याच्याशी बोलणी करण्याचा हक्क घेतो, बस्स. साखरपुडा व्हावा, पण त्यात बंधन एकाच बाजूला असावं, तसा हा प्रकार: उरलेल्या 29 संघांना त्या खेळाडूशी करार करता येत नाही, आणि ज्या संघाने निवडलं त्याच्यावर मात्र त्याला आपल्या चमूत ठेवण्याची सक्ती नाही.

इथे पहिली फेरी आणि दुसरी फेरी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ड्राफ्ट दोन फेऱ्यांचा, प्रत्येकी 30 निवडी. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार त्याच्या क्रमांकानुसार आधीच ठरलेल्या तक्त्याप्रमाणे मिळतो आणि करारावर सही झाली की पहिल्या दोन वर्षांचे पैसे पक्के. दुसऱ्या फेरीला असा तक्ता नव्हता, हमीही नव्हती. संघ करार देईल, नाहीतर 'परदेशात जाऊन खेळ, हक्क आमच्याकडे ठेवतो' असं सांगेल. वाचणाऱ्याचा आवाजही बदलतो: पहिल्या फेरीची नावं एनबीएचा आयुक्त वाचतो, दुसऱ्या फेरीची उपायुक्त.

एकाच रात्रीचं, एकाच संघाचं उदाहरण घ्या. मॅव्हरिक्सनी त्या रात्री 21 व्या क्रमांकावर व्हर्जिनियाच्या जस्टिन अँडरसनला घेतलं. तो पहिल्या फेरीतला. त्याचा करार झाला आणि त्याच मोसमात तो डॅलसकडून खेळला. 52 व्या क्रमांकाच्या सतनामला मॅव्हरिक्सनी समर लीगमध्ये खेळवलं, एनबीएचा करार दिला नाही. तो डॅलसजवळच्या फ्रिस्को गावातल्या टेक्सास लेजंड्स या संघाकडून डी-लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, दोन मोसम खेळला. हीच लीग आता जी लीग म्हणून ओळखली जाते. त्या वर्षी एनबीएतल्या नवख्याचा किमान पगार मोसमाला सव्वापाच लाख डॉलर होता. डी-लीगमध्ये वरच्या श्रेणीतल्या खेळाडूलाही पंचवीस हजारांच्या आसपास मिळत. दोन लीगमधलं अंतर एवढ्यावरून समजावं.

सतनामचा मॅव्हरिक्सच्या जर्सीतला फोटो पुरावा म्हणून फिरतो, तो समर लीगचा. जुलैमध्ये लास वेगासला होणारी ही चाचणी स्पर्धा. तिथे नवखे, करार शोधणारे आणि डी-लीगवाले एनबीए संघांच्याच जर्सी घालून खेळतात. एनबीएच्या नोंदवहीत त्यातला एक गुणही धरला जात नाही. फोटोत जर्सी दिसली म्हणून 'मॅव्हरिक्सकडून खेळला' असं कृपा करून लिहू नका.

यावरून सतनामला 'अपयशी' म्हणणारेही भेटतात, आणि त्यांच्यावर माझा राग जास्त आहे. त्या ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी, 51 व्या क्रमांकावर टायलर हार्वी होता आणि त्याच्यानंतर 53 व्या क्रमांकावर सर'डॉमिनिक पॉइंटर. दोघे अमेरिकन, दोघे कॉलेज संघांतून आलेले. दोघेही एनबीएत कधी खेळले नाहीत. 54 वा आणि 55 वा, तेही नाही. ड्राफ्टच्या शेपटाला बहुतेकदा असंच घडतं. निकोला योकिच 41 वा होता आणि पुढे तीनदा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, मनू जिनोबिली 57 वा होता आणि त्याने सॅन अँटोनियोबरोबर चार विजेतेपदं मिळवली, ही उदाहरणं अपवाद म्हणूनच सांगितली जातात. जिनोबिलीला 1999 मध्ये निवडलं आणि तो संघात आला 2002 मध्ये. मधली वर्षं तो इटलीत खेळत होता, हक्क तेवढा सॅन अँटोनियोकडे.

आता सिमचा रस्ता बघा. ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही, म्हणजे कुणाचाच हक्क नाही, म्हणजे कुठल्याही संघाचं दार ठोठवायला मोकळीक. दुसऱ्या फेरीच्या अगदी शेवटी निवडलं जाण्यापेक्षा न निवडलेलं बरं, असं म्हणणारे एजंट असतात ते याचसाठी. फ्रेड व्हॅनफ्लीट 2016 मध्ये असाच सुटला, टोरांटोच्या संघात गेला आणि 2019 मध्ये विजेत्या संघात होता. सिमला किंग्जनी ऑगस्ट 2014 मध्ये करार दिला, मोसम सुरू व्हायच्या आधी सोडलं, आणि तो त्यांच्याच रेनो बिगहॉर्न्सकडून डी-लीगमध्ये खेळू लागला. रेनोचा संघ त्या वर्षी सुसाट धावायचा, काही सेकंदांत फटका मारून मोकळा व्हायचा. 360 पौंडांच्या माणसासाठी याहून अवघड जागा नसेल. तरी तो टिकला, आणि एका सामन्यात तर गुण, रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणं) आणि ब्लॉक (समोरच्याचा फटका अडवणं) या तिन्हींत त्याने दोन आकडी संख्या गाठली.

2 एप्रिल 2015 ला त्याला मिळाला तो दहा दिवसांचा करार. जानेवारीपासून संघ असे छोटे करार देऊ शकतात. एखादा जायबंदी झाला, एखाद्याला पारखायचं असलं, की डी-लीगमधून माणूस उचलायचा. करार दहा दिवसांचा असला तरी तो एनबीएचा करार आहे. नाव संघाच्या यादीत जातं, खुर्चीवर बसायला मिळतं, प्रशिक्षकाने बोट दाखवलं तर मैदानात जाता येतं. सतनामकडे ड्राफ्टचा क्रमांक होता, हे नव्हतं. सिमकडे क्रमांक नव्हता, हे होतं. माणूस एनबीएत खेळला का, याचा निकाल या कागदावर लागतो, ड्राफ्टवर नाही.

किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले आणि वाढलेले. 'मालक आपला म्हणून सिमला घेतलं' ही कुजबुज तेव्हाही होती, आजही आहे. मला ती पटत नाही. भारतातल्या प्रेक्षकांवर किंग्जचा डोळा होताच, ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईत वरळीला एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले ते किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचेच. पण दहा दिवसांचे करार दर मोसमात कितीतरी जणांना मिळतात, आणि रेनोत पूर्ण मोसम घाम गाळलेल्या सेंटरला (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला) एक मिळाला यात मेहेरबानी शोधायचं कारण नाही.

पुढे दोघांच्या वाटा दूर गेल्या. सतनाम भारताकडून खेळला, एक मोसम कॅनडाच्या लीगमध्ये काढला, उत्तेजक चाचणीमुळे दोन वर्षांची बंदी भोगली आणि मग अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीत उतरला. सिम तैवानमध्ये खेळत राहिला.

तर लिहायचं कसं? सतनाम सिंग: एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला, भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. सिम भुल्लर: एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. आणि सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर: अजून कुणीच नाही.

2021 मध्ये याच गोंधळाची नवी आवृत्ती निघाली. पंजाबचाच प्रिन्सपाल सिंग किंग्जच्या समर लीग संघात होता, त्या संघाने लास वेगासची स्पर्धा जिंकली, आणि 'एनबीएचं विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय' अशा ओळी फिरू लागल्या. प्रिन्सपालचं यश त्याच्या जागी मोठंच आहे, समर लीग जिंकलेल्या संघात तोवर एकही भारतीय नव्हता. पण एनबीएचं त्या वर्षीचं विजेतेपद मिलवॉकी बक्सनी जुलैमध्येच जिंकलं होतं.