अमेझिंग फँटसी, अंक १५

‘अमेझिंग फँटसी’ या अमेरिकी कॉमिक मासिकाचा हा अखेरचा अंक. त्यावर ऑगस्ट १९६२ ही तारीख आणि १२ सेंट ही किंमत छापलेली आहे. स्पायडरमॅन हे पात्र पहिल्यांदा या अंकात अवतरले. लेखन स्टॅन ली यांचे, चित्रे स्टीव्ह डिट्को यांची आणि प्रकाशन न्यूयॉर्कच्या मार्व्हलचे. अंकात चार कथा असून स्पायडरमॅनची कथा अवघ्या ११ पानांची आहे. उरलेल्या तीन छोट्या चमत्कृतिकथाही याच जोडीच्या आहेत. त्या आज फारसे कोणी वाचत नाही.

ली तेव्हा चित्रकाराला पूर्ण संहिता देत नसत. एक-दोन पानांत कथेचा सारांश लिहून द्यायचा, चित्रकाराने त्यावरून पाने आखून चित्रे काढायची, आणि पाने परत आली की लींनी संवादांचे फुगे व निवेदनाच्या पट्ट्या लिहायच्या, अशी रीत होती. त्यामुळे कोणत्या प्रसंगाला किती चौकटी द्यायच्या, माणूस कुठून पाहिलेला दाखवायचा, कुठे थांबायचे, हे पुष्कळसे डिट्कोंच्या हातात होते. या कथेचे श्रेय एकट्या लींना देण्याची सवय म्हणूनच अन्यायाची आहे. पहिल्या पानावर मात्र दोघांचीही नावे आहेत.

हे काम आधी मार्व्हलचे दुसरे चित्रकार जॅक कर्बी यांच्याकडे गेले होते. डिट्कोंनी पुढे लिहिल्याप्रमाणे, कर्बींच्या सुरुवातीच्या पानांत एक मुलगा जादूच्या अंगठीने प्रौढ वीर होतो, असे कथानक होते. ते बाजूला पडले. छापील कथेत शक्ती मिळून स्पायडरमॅन झाल्यावरही पीटर पार्कर शाळकरी पोरच राहतो. त्या काळच्या कॉमिकमध्ये या वयाची मुले बहुधा वीराच्या हाताखालची साथीदार असत. इथे तोच मुलगा नायक झाला.

डिट्कोंची ताकद पहिल्याच मोठ्या चौकटीत दिसते. एका बाजूला मिडटाउन हायस्कूलची मुले-मुली घोळक्याने उभी राहून पीटरची टर उडवत आहेत. दुसऱ्या बाजूला चष्मा लावलेला, पुस्तके धरलेला पीटर एकटा आहे, आणि त्याच्या मागच्या भिंतीवर स्पायडरमॅनची मोठी सावली पडली आहे. पुढे काय होणार ते वाचकाला कळले, पीटरला अजून पत्ता नाही. शरीरयष्टीचेही तसेच. कर्बींचे वीर रुंद छातीचे आणि दणकट, तर डिट्कोंचा स्पायडरमॅन काटकुळा, उकिडवा बसणारा, कोपर-गुडघे बाहेर काढून भिंतीला चिकटणारा. पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा ही या रचनेतली सर्वांत धाडसी गोष्ट म्हणावी लागेल. ओठ, भुवया काहीच दिसत नसल्याने सगळा भाव मानेच्या झुकण्यातून आणि बोटांच्या वळणातून दाखवावा लागतो, आणि हात काढण्यात डिट्कोंचा हात धरणारे थोडेच होते.

कथानक सरळ आहे. विज्ञान प्रदर्शनात किरणोत्सर्गी कोळी पीटरला चावतो. शक्ती मिळताच तो लोकसेवेला लागत नाही. कुस्तीच्या आखाड्यात तीन मिनिटे टिकण्याचे शंभर डॉलर जिंकतो आणि मग टीव्हीवर खेळ करू लागतो. स्टुडिओत एक चोर त्याच्या समोरून पळतो, मागून पोलीस अडवायला ओरडतो, पण हा ढिम्म हलत नाही. यापुढे फक्त स्वतःचे बघायचे, असे त्याने ठरवलेले असते. काही दिवसांनी घरासमोर पोलिसांची गाडी उभी दिसते: त्याच्या बेनकाकांचा खून झाला आहे.

हा खून कुठल्याच चौकटीत काढलेला नाही. पीटरला बातमी पोलिसाच्या तोंडून कळते आणि वाचकालाही तेव्हाच. सगळा जोर जुन्या गोदामातल्या प्रसंगासाठी राखून ठेवला आहे. स्पायडरमॅन खुन्याला पकडतो, त्याचा चेहरा उजेडात येतो आणि हा तोच, आपण जाऊ दिलेला चोर आहे, हे त्याला उमगते. पुढे मुखवटा उतरवून रडणारा मुलगा दिसतो. वीराने विजयानंतर रडावे, तेही स्वतःला दोष देत, ही त्या काळच्या सुपरहिरो कॉमिकमध्ये विरळाच गोष्ट. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारीही येते, हे गाजलेले वाक्य शेवटच्या चौकटीतल्या निवेदनात आहे. बेनकाका ते या अंकात कुठेही उच्चारत नाहीत. ते त्यांच्या तोंडी नंतरच्या कथांनी आणि चित्रपटांनी घातले. मूळ जागीच ते अधिक बोचते, कारण सांगणारा कोणी वडीलधारा उरलेला नसतो.

मुखपृष्ठासाठी डिट्कोंनी काढलेले चित्र लींनी नाकारले. छापलेल्या मुखपृष्ठावर पेन्सिलचे काम कर्बींचे आणि शाईचे डिट्कोंचे आहे. काखेत गुंडाला धरून झोके घेणारा तो वीर आतल्या पानांतल्या पोरापेक्षा बराच भरदार वाटतो.

मासिक इथेच बंद पडले, पण पात्राला मागणी आली आणि मार्च १९६३ च्या तारखेने ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ हे स्वतंत्र मासिक सुरू झाले. २००४ मध्ये भारतात निघालेल्या ‘स्पायडरमॅन: इंडिया’ मालिकेत हीच कथा मुंबईत आणली गेली. त्यात नायक पवित्र प्रभाकर, काका भीम, काकू माया; चित्रे जीवन कांग यांची. सप्टेंबर २०२१ मध्ये मूळ अंकाची एक उत्तम स्थितीतली प्रत लिलावात ३६ लाख डॉलरना गेली.

डिट्कोंनी हाताने काढलेली या अंकाची २४ मूळ पाने २००८ मध्ये एका अनामिक दात्याने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली. त्यांवर खोडाखोड, पांढऱ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्या आणि समासातल्या सूचना शाबूत आहेत. मोटारीच्या एका चित्राजवळ लींची टीप आहे: गाडी बंद टपाची कर, बाहेर हात लोंबकळताना नकोत, बेफाम चालवत आहेत असे वाटता कामा नये.