इंधनबाष्प यंत्रणेतील दोषनिदान

मोटारीच्या पेट्रोल टाकीत सतत तयार होणारी वाफ हवेत न सोडता इंजिनात नेऊन जाळणाऱ्या यंत्रणेतील बिघाड शोधण्याचे तंत्र. गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या स्कॅनरवर ही यंत्रणा ‘इव्हॅप’ या नावाने दिसते. डिझेल सहजी उडत नाही, म्हणून डिझेल गाड्यांना तिची गरज पडत नाही. पेट्रोल गाडीत टाकीतली वाफ नळीवाटे कॅनिस्टर नावाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात येते आणि आतल्या सक्रियित कोळशाच्या दाण्यांना धरून राहते. इंजिन तापले की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पर्ज व्हॉल्व्ह (डबा आणि इंजिन यांच्यामधली विजेची झडप) उघडतो. इंजिनाच्या व्हॅक्यूममुळे बाहेरची हवा व्हेंटमधून, म्हणजे डब्याच्या हवेच्या तोंडातून, डब्यात ओढली जाते आणि कोळशाने धरलेली वाफ सोबत घेऊन इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये जाते.

ही वाफ उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांबरोबर अभिक्रिया होऊन जमिनीलगतचा ओझोन तयार करते. म्हणून कॅलिफोर्नियाने १९७०च्या आणि उरलेल्या अमेरिकेने १९७१च्या मॉडेलांपासून ती अडवण्याची सक्ती केली. १९९६नंतरच्या अमेरिकी गाड्या तर स्वतःची गळती स्वतःच तपासतात. आधी सुमारे १ मिमी आणि पुढे सुमारे ०.५ मिमी व्यासाच्या छिद्राएवढी गळतीही त्यांना ओळखावी लागते. टाकीचे झाकण सैल राहिले तरी तिथे डॅशबोर्डवर दिवा लागतो.

आपल्याकडचे वाहनप्रदूषणाचे भारत स्टेज नियम युरोपच्या वळणाचे आहेत. नव्या मॉडेलची गाडी बंद कक्षात ठेवून एका चाचणीत तिच्यातून २ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ निघत नाही ना, हे पाहतात. रस्त्यावर आल्यानंतर मात्र गाडीच्या संगणकाने पर्ज व्हॉल्व्हची विजेची जोडणी शाबूत आहे एवढे तपासले तरी नियमाचे समाधान होते. परिणामी बडोद्याच्या गॅरेजात येणाऱ्या सर्वसाधारण हॅचबॅकवर पी०४४३, पी०४४४ किंवा पी०४४५ हे वायरिंगचे कोड (संगणकाने नोंदवलेले दोषक्रमांक) भेटतात. गळतीचे पी०४४२ आणि पी०४५५ क्वचितच. इंटरनेटवरचे बहुतेक मार्गदर्शन अमेरिकी गाड्यांसाठी लिहिलेले असते आणि झाकण बदलण्यापासून सुरू होते. इथे ते फारसे उपयोगी पडत नाही. आपल्याकडे ‘कोड नाही’ याचा अर्थ ‘दोष नाही’ असा होत नाही, आणि निदानाचा मोठा भाग नाक, कान व हातानेच करावा लागतो.

सर्वाधिक बिघडणारा भाग म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह. तो उघडा अडकला की पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुरते, कारण टाकीतली सगळी वाफ स्टार्टच्या वेळीच इंजिनात शिरते. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, गाडी थरथरते. मालक म्हणतो ‘मिसिंग करते’, आणि बिचारे स्पार्क प्लग बदलले जातात. खरे तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (संगणक इंधन किती कमी-जास्त करतो तो आकडा) पाहिली की अंदाज येतो: डबा वाफेने भरलेला असेल तर ट्रिम उणेकडे सरकते, कोरडा असेल तर हवाच आत जात असल्याने अधिककडे. आयडल चालू असताना व्हॉल्व्हकडून मॅनिफोल्डकडे जाणारी नळी पक्कडीने हलकेच दाबून धरावी. गाडी लगेच स्थिरावली आणि ट्रिम शून्याच्या आसपास आली, तर चोर सापडला. खात्रीसाठी व्हॉल्व्ह काढून, वीज न देता त्यातून हवा फुंकावी. जाता कामा नये. बॅटरीचे १२ व्होल्ट दिल्यावर ‘टक्’ आवाज येऊन हवा गेली पाहिजे. निव्वळ टक् ऐकून व्हॉल्व्ह चांगला ठरवणे ही नेहमीची चूक. कॅनिस्टर आतून फुटला असेल तर कोळशाचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात. मग व्हॉल्व्ह वाजतो, पण पूर्ण बंद होत नाही. अशा वेळी नुसता व्हॉल्व्ह बदलला तर काही दिवसांत नवाही तसाच होतो.

व्हेंट तुंबल्याची लक्षणे पेट्रोल पंपावर दिसतात. नोझल पुन्हा पुन्हा कट होते, कारण टाकीतल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. झाकण उघडताना हवा आत खेचल्याचा आवाज येतो. उन्हाळ्यात थोडी वाफ बाहेर फुसकन येणे वेगळे, ते चालते. धूळ, चिखल, कुंभारीण माशीचे घर, उंदरांनी कुरतडलेली नळी ही नेहमीची कारणे. तोंड साफ करूनही फरक पडला नाही तर डब्याकडे वळावे.

डबा खराब करण्यात मालकाचाही हात असतो. नोझल कट झाल्यावरही रक्कम गोल करण्यासाठी पेट्रोल भरत राहिले की वाफेऐवजी द्रव पेट्रोलच कॅनिस्टरपर्यंत पोहोचते आणि कोळशाची क्षमता जाते. जमिनीखालच्या टाकीतले थंड पेट्रोल गाडीत तापून १५ अंशांनी वर गेले, तर ४० लिटरला अर्ध्या लिटरहून थोडे जास्त फुगते. बडोद्याच्या मे महिन्यात ही वाढ सहज होते आणि तिच्यासाठी ठेवलेली जागा आपणच भरून टाकलेली असते.

बडोद्यापुरते आणखी एक कारण महत्त्वाचे आहे. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा असंख्य गाड्या तळघरातल्या पार्किंगमध्ये आणि रस्त्यावर बुडाल्या. पुरानंतर इंजिन ऑइल, ईसीयू आणि सीटा यांकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण बऱ्याच गाड्यांत मागच्या बाजूला टाकीजवळ बसवलेला कॅनिस्टर कोणी उघडत नाही. व्हेंट उघडेच असल्याने पाणी आणि गाळ सरळ आत जातो. भिजलेला कोळसा वाफ धरत नाही, आणि पर्ज सुरू झाला की तेच पाणी इंजिनाकडे ओढले जाते. बुडालेल्या गाडीचा डबा हातात घेऊन हलवावा; जड लागला, आत पाणी डचमळले किंवा तोंडातून थेंब पडले, तर तो वाळवण्याच्या भानगडीत न पडता बदललेला बरा. व्हेंटची नळीही गाळाने बंद झालेली नाही हे त्याच वेळी पाहावे.

गुजरातेत सीएनजी गाड्या पुष्कळ आहेत. त्यांच्या पेट्रोल टाकीत थोडेसेच पेट्रोल दीर्घकाळ पडून राहते आणि रिकाम्या जागेत वाफ जास्त साठते. अशी गाडी तपासताना स्विच पेट्रोलवर ठेवूनच पर्जची परीक्षा घ्यावी, नाहीतर निष्कर्ष फसवा निघतो. पेट्रोलमधले इथेनॉलही विचारात घ्यावे. थोड्या प्रमाणात मिसळले तरी ते मिश्रणाचा बाष्पदाब वाढवते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्यांतून पेट्रोल झिरपायला मदत करते. भेगा पडलेली नळी दिसायला धड असते. वाकवून पाहिल्यावरच भेग उघडते.

गळतीची शंका उरलीच तर स्मोक मशीन वापरतात. तेलाचा धूर अत्यंत कमी दाबाने, साधारण १ पीएसआयच्याही (पीएसआय हे दाबाचे एकक) खाली, यंत्रणेत सोडून तो कुठून बाहेर येतो ते टॉर्चच्या उजेडात पाहतात. नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू वापरणे सुरक्षित. टायरला हवा भरणारा कॉम्प्रेसर टाकीला जोडणे मात्र जिवावर बेतू शकते: ३० पीएसआयने टाकी व नळ्या फाटू शकतात, शिवाय आत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण तयार होते.

पेट्रोलचा प्रत्येक वास या यंत्रणेचा नसतो. मागच्या सीटवर वास जास्त येत असेल तर सीटखालच्या पंपाच्या झाकणाचे गॅस्केट आधी पाहावे. गाडीखाली पेट्रोलचे थेंब दिसले तर ती द्रवाची गळती आहे. तेव्हा गाडी सुरू न करता टो करून न्यावी.