लोंढा–मिरज मार्गावरची ओस पडलेली स्टेशनं

१८७६–७८ च्या दुष्काळानंतर दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या पट्ट्यात मीटरगेज (एक मीटर रुंदीचे) रूळ टाकण्यासाठी १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. १८९० पर्यंत लोंढा–बेळगाव–मिरज–पुणे मार्ग सलग झाला. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मुरगाव बंदर गाठता येई.

खानापूर, रायबाग भागातल्या लहान स्टेशनांची जागा बऱ्याचदा रेल्वेच्या सोयीने ठरली. रूळ एकच, म्हणून ठरावीक अंतरावर समोरची गाडी बाजूला घ्यायला लूप, म्हणजे बाजूचा जोडरूळ, हवी. वाफेच्या इंजिनाला पाणीही लागे. गाव मैलभर आत असलं तरी स्टेशन रुळाच्या सोयीनेच झालं. कौलं, लाकूड, गूळ आणि माणसं तिथपर्यंत बैलगाडीने यायची.

स्टेशनचा जीव गोळ्यात होता. हा गोळा म्हणजे पुढच्या स्टेशनपर्यंतच्या एकेरी रुळावर जायची ड्रायव्हरला मिळणारी परवानगी. शेजारच्या मास्तराने यंत्रावरून संमती दिल्याशिवाय लोखंडी गोळा बाहेर पडत नसे. सांधेवाला (रुळांचे सांधे बदलणारा कामगार) तो चामडी पिशवीत घालून वेताच्या कड्याला अडकवी आणि चालत्या इंजिनावर देई. आधीच्या टप्प्याचा गोळा ड्रायव्हर खाली टाकी. गोळा चुकून पुढे गेला तर यंत्र अडे आणि कागदी लाइन क्लिअर (रूळ मोकळा असल्याची चिठ्ठी) लिहून गाडी सोडावी लागे. उन्हाळ्यात सिग्नलची तार तापून सैल पडे, सिग्नलचा हात पुरता खाली येत नसे. तार पुन्हा ओढून बसवावी लागे. खानापूरच्या पावसात रॉकेलचे दिवे विझत, ते वेगळंच.

पुणे–मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज, म्हणजे जास्त रुंद रुळांचा, झाला. मिरजेच्या दक्षिणेला ते काम १९९० च्या दशकात झालं. तोवर मिरजेत गाडी बदलणं चुकत नसे. डिझेल इंजिनाने पाण्याची गरज आधीच संपवली होती. ब्रॉडगेजच्या लांब मालगाड्यांना लूप साधारण ६८६ मीटर लागते आणि यार्डाचा उतार ४०० त १ (४०० मीटरला १ मीटर) पेक्षा तीव्र चालत नाही. डोंगराळ भागात अशी सपाट जागा दर ठिकाणी कुठून मिळणार? जिथे लूप गेली तिथे मास्तर गेला आणि नुसता हॉल्ट, म्हणजे गाडी थांबण्यापुरती जागा, उरला. मग दुहेरीकरण आलं, की क्रॉसिंगचं (समोरच्या गाडीला वाट देण्याचं) कारणही संपतं. रुळाच्या पातळीच्या फलाटावरून ब्रॉडगेजच्या उंच डब्यात चढताना म्हाताऱ्यांचे हाल होतात. त्यांची अडचण या हिशेबात कधी धरलीच गेली नाही, ही खरी खंत आहे.

ओस स्टेशन पाहायला गेलात तर कुंपणाचे खांब नीट बघा. ते बहुधा जुन्या रुळांचे असतात. रुळाच्या उभ्या पट्टीवर खडू घासला की कारखान्याचं नाव आणि साल उमटतं. साल रूळ कारखान्यात लाटल्याचं असतं. स्टेशन त्याच वर्षीचं धरू नका. मुख्य इमारतीपासून दूर दिसणारी बुटकी खोली दिवाघराची. रॉकेल पेट घेईल म्हणून ती मुद्दाम लांब बांधत.