बायोचार आणि अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन: पाण्यातील कीटकनाशकांसाठी कोणता कोळसा?

पाण्यातील कीटकनाशकांचे अंश काढण्याविषयीच्या लेखनात बायोचार आणि अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ही नावे इतक्या सर्रास एकमेकांच्या जागी येतात की, बायोचार म्हणजे स्वस्तातला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, असा समज सहज होतो. दोन्ही काळे आणि सच्छिद्र असतात, दोन्ही नारळाच्या करवंटीपासून तयार करता येतात, आणि दोन्ही अधिशोषणाने, म्हणजे पाण्यात विरघळलेले रेणू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवून, काम करतात. फरक पडतो तो भट्टीत.

लाकूड, भाताचे तूस किंवा शेण यांसारखा जैविक माल अत्यल्प ऑक्सिजनमध्ये साधारण ३०० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवला की बायोचार तयार होतो, आणि काम तिथेच संपते. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनसाठी मात्र तयार कोळशावर ८०० ते १००० अंशांना वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडतात, अथवा कच्च्या मालात फॉस्फोरिक आम्लासारखे रसायन मुरवून मग तो तापवतात. वाफ कोळशातला काही कार्बन खाऊन टाकते आणि त्या जागी अतिसूक्ष्म छिद्रे उघडतात. त्यामुळे त्याच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ साधारण ५०० ते १५०० चौरस मीटर भरते. बायोचारचे काही चौरस मीटरपासून काहीशे चौरस मीटरपर्यंत, कुठेही असू शकते.

ही अनिश्चितताच बायोचारचे खरे वैशिष्ट्य आहे. कमी तापमानाच्या बायोचारमध्ये अर्धवट जळलेला सेंद्रिय भाग शिल्लक असतो आणि पाण्याचे वावडे असलेले कीटकनाशक त्या भागात मुरते. जास्त तापमानाच्या बायोचारमध्ये कार्बनची सपाट वलये जुळून आलेली असतात आणि वलयी रचनेचे रेणू त्यांना चिकटून बसतात. एकाच तुसापासून केलेले दोन बायोचार त्यामुळे दोन वेगळ्या पदार्थांसारखे वागतात. ज्या अहवालात कच्चा माल आणि तापमान दिलेले नाही, त्यातील कीटकनाशक निघाल्याच्या टक्केवारीला माझ्या मते फारसा अर्थ नाही.

कीटकनाशकाचा स्वभावही तितकाच महत्त्वाचा आहे. क्लोरपायरीफॉस एक लिटर पाण्यात जेमतेम एक मिलिग्रॅम विरघळते, तर इमिडाक्लोप्रिड सुमारे ६०० मिलिग्रॅम. पहिल्याला पाण्यात राहायचेच नसते, म्हणून साधा बायोचारही त्याला बऱ्यापैकी पकडतो. (चाचणीत पाणी आणि कोळसा बाटलीत घालून हलवतात. क्लोरपायरीफॉस त्या बाटलीच्या भिंतीला आणि गाळणीलाही चिकटते, कोळसा न घातलेली एक बाटली सोबत हलवलेली नसेल, तर ते श्रेयही कोळशाच्या नावावर जमा होते.) इमिडाक्लोप्रिडसाठी मात्र जास्त तापमानाचा बायोचार किंवा सरळ अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लागतो. शिवाय क्लोरपायरीफॉसच्या विघटनातून निर्माण होणारे ट्रायक्लोरोपिरिडिनॉल उदासीन पाण्यात ऋणभारित असते, बायोचारचा पृष्ठभागही बहुधा ऋणभारितच असतो, आणि त्यामुळे मूळ विष अडकले तरी त्याचा हा अवशेष निसटू शकतो.

राखेचा मुद्दा सहसा दुर्लक्षिला जातो. बायोचारमधील राखेमुळे पाणी अल्कधर्मी होते आणि अशा पाण्यात कार्बारिलसारखे कीटकनाशक फुटून १-नॅफ्थॉल तयार होते. मोजणीत कार्बारिल घटलेले दिसते, पण ते अधिशोषणाने घटलेले नसते. म्हणून बायोचार आधी धुऊन घ्यावा आणि पाण्यात कीटकनाशकाबरोबर त्याच्या विघटनातून आलेले पदार्थही तपासावेत.

प्रयोगशाळेतील धारणक्षमतेचे आकडे बहुधा लिटरला काही मिलिग्रॅम कीटकनाशक घातलेल्या शुद्ध पाण्यातले असतात. नदी-विहिरींत प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये असते, आणि युरोपीय संघाची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा तर एका कीटकनाशकाला लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. एवढ्या विरळ द्रावणात कमाल धारणक्षमतेपेक्षा पकडीची ताकद मोलाची ठरते. त्यातच नैसर्गिक पाण्यातील कुजलेल्या पालापाचोळ्याचे अंश कीटकनाशकाच्या कित्येक पट असतात. ते छिद्रांची तोंडे बुजवतात आणि जागाही बळकावतात. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनही यातून सुटत नाही. म्हणून बाटलीतल्या चाचणीपेक्षा कोळशाच्या स्तंभातून तेच पाणी सतत वाहू देऊन, बाहेर येणाऱ्या पाण्यात कीटकनाशक कधी दिसू लागते हे पाहणे जास्त विश्वासार्ह असते.

बेंटोनाइटसारख्या चिकणमातीचा उल्लेखही या संदर्भात होतो. तिचा मूळ पृष्ठभाग पाण्यालाच जवळ करतो. लांब साखळीच्या अमोनियम क्षारांनी तो बदलल्यावरच ती पाण्याचे वावडे असलेली कीटकनाशके चांगली धरते.

पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणात मी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनच निवडेन, कारण त्याची प्रत ठरलेली असते आणि कीटकनाशकांनी भरलेला कार्बन सुमारे ८०० अंशांना तापवून पुन्हा वापरता येतो. त्या उष्णतेत अडकलेले कीटकनाशकही नष्ट होते. शेतातून वाहून येणाऱ्या पाण्याच्या चरात, जिथे माल भरपूर लागतो आणि प्रमाण निम्म्याहून खाली आले तरी उपयोग असतो, तिथे बायोचार योग्य आहे. मात्र कीटकनाशक धरलेला तो बायोचार नंतर जमिनीत मिसळू नये, कारण अधिशोषणाने विष फक्त जागा बदलते आणि पकड सैल झाली की पुन्हा पाण्यात उतरते. तो जाळायचा तर पुरेशा तापमानाच्या बंदिस्त भट्टीतच जाळावा.